पाडलेला वाडा कागदावर परत कसा आणायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नारायण पेठेत तुमच्या पणजोबांचा वाडा होता. १९९४ च्या सुमारास तो पाडला आणि तिथे चार मजली इमारत झाली. वडील आता नाहीत. काकांच्या मुंजीचा एक फोटो तुमच्याकडे आहे, त्यात मागे दोन खांब आणि अर्धा दरवाजा दिसतो. कोथरूडला ८१ वर्षांच्या आत्या आहेत. वाडा खरंच पेशवेकालीन होता का, आतून कसा होता आणि त्याचं थ्रीडी मॉडेल कोण करून देईल, हे तुम्हाला हवंय. शेवटी तुम्ही असंही लिहिलंय की वडिलांनी तो विकला याचा राग अजून जात नाही. त्याबद्दलही बोलेन, पण नंतर.

मी वास्तुरचनाकार आहे. गेली सव्वीस वर्षं पुण्याच्या पेठांमधले वाडे मोजून त्यांचे नकाशे काढते आहे. बरेचसे वाडे पाडण्याच्या आधीच्या चार-आठ दिवसांत मोजलेले. काही तुमच्यासारखे, पाडून कितीतरी वर्षं झाल्यावर आठवणी आणि कागद जुळवून उभे केलेले. त्या अनुभवावरून सांगते की तुमचं काम होण्यासारखं आहे. फक्त ज्या क्रमाने तुम्ही विचारलंय, त्या क्रमाने ते होणार नाही. मॉडेल सगळ्यात शेवटी. वाड्याचं वय त्याच्या आधी. कागद त्याच्याही आधी, आणि आत्या सगळ्यात आधी. कागद आणखी दहा वर्षं कपाटात पडून राहतील. ८१ वर्षांच्या माणसाकडे आपण तेवढा वेळ मागू शकत नाही.

फोटो एकच आहे, ही तुमची खरी अडचण नाही. पाडलेल्या घराची माहिती एका जागी कधीच सापडत नाही, आणि आपण ती एकाच जागी शोधत बसतो, ही अडचण आहे. खरेदीखत मालकाच्या ट्रंकेत असतं, चौकाचा चांगला फोटो जुन्या भाडेकरूच्या लग्नाच्या अल्बममध्ये असतो, जिन्याचा उतार शेजारच्या भिंतीवर उमटलेला असतो आणि पाडण्याआधीचा नकाशा महापालिकेच्या फायलीत असतो. हे सगळं एका कागदावर आणणं म्हणजे वाडा परत मिळवणं.

आधी ‘पेशवेकालीन’ या शब्दाबद्दल, कारण त्याने माझीही एकदा फसगत झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाला मी सुरूच्या झाडासारख्या आकाराचे खांब आणि त्यावरचं केळफुलांचं कोरीवकाम बघून वाडा पेशवाईतला आहे असं सांगितलं. त्यांनी तशी पाटी करून दारावर लावली. चार वर्षांनी त्यांच्याच घरात बांधकामाच्या खर्चाची वही सापडली. घर १८८० नंतर बांधलेलं होतं आणि खांब एका पडक्या वाड्याचे, विकत घेतलेले होते. मी जाऊन त्यांना ते सांगितलं आणि पाटी उतरवायला लावली. तेव्हापासून नुसत्या खांबावरून मी घराचं वय सांगत नाही.

सागवान टिकतं आणि महाग असतं, म्हणून ते कायमच एका घरातून दुसऱ्या घरात जात आलं आहे. १८१८ ला पेशवाई गेल्यावर अनेक सरदारांचं पुण्यातलं बस्तान हललं, वाडे ओस पडले, विकले गेले. १८२८ मध्ये शनिवारवाडा जळला, १८७९ मध्ये बुधवारवाडा. मोठ्या वाड्यांची सालं इतिहासात नोंदलेली आहेत. साध्या घराला मात्र एकच जन्मसाल नसतं. जोतं एका काळातलं, खालचा मजला दुसऱ्या काळातला, माडी पुढच्या पिढीने चढवलेली, छप्पर त्याहून नवं. मंगलोरी कौलांचे कारखाने १८६५ पासूनचे, त्यामुळे मंगलोरी कौलांचं छप्पर पेशवाईतलं असणं शक्यच नाही. पण त्याखालचं जोतं असू शकतं. ‘वाडा किती जुना’ यापेक्षा ‘कोणता भाग किती जुना’ असं विचारा. त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

नारायण पेठेच्या बाबतीत एक थर तर ठरलेलाच आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचंही फुटलं. नदीकाठच्या पेठांमध्ये जे पाणी शिरलं त्यात वाडे कसे पडले, हे समजायला वाडा उभा कसा राहतो ते माहीत हवं. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, आणि मधे विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती. भार बराचसा लाकूड घेतं, भिंत आडोसा देते. कित्येक तास पाण्यात राहिल्यावर मातीची भिंत विरघळते. बऱ्याच घरांत खालच्या भिंती गेल्या आणि माडी खांबांवर तशीच उभी राहिली. पुढे दुरुस्ती झाली ती सिमेंट आणि लोखंडी गर्डर वापरून. तेव्हा कोणी तुम्हाला सांगितलं की ‘आपल्या वाड्यात लोखंडी तुळई होती’, तर ती बहुधा दुरुस्तीची खूण आहे. तुमचा वाडा नदीपासून किती लांब होता यावर हे अवलंबून आहे. लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला असेल तर कदाचित नुसतं पाणी लागून गेलं असेल. आत्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या असतील. पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं होतं, हे त्यांना नक्की आठवत असणार.

आता आत्यांकडे कसं जायचं ते. ‘वाडा कसा होता, सांगा’ असं विचारू नका. त्यावर ‘खूप मोठा होता, छान होता’ एवढंच मिळतं आणि मग दोघंही गप्प बसतात. कामं विचारा. सकाळी उठल्यावर पाणी कुठून भरायचं, आडावरून की नळावरून? तिथपर्यंत जाताना किती पायऱ्या उतरायच्या? पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालायचे? रात्री संडासला जायचं तर कंदील घेऊन कुठून कुठे जायचं? बाजूला बसायचं ते कुठे? बाळंतिणीची खोली कोणती, आणि तिला खिडकी होती का? दळण कुठे, पापड कुठे, लोणच्याच्या बरण्या कुठे? माणसाला खोली आठवत नाही, तिथे केलेलं काम आठवतं, आणि कामाबरोबर खोली आपोआप येते.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न गौरींचा आहे. तुमच्याकडे गौरी आणत असतील तर आत्यांना विचारा, ‘गौरी कुठून आत यायच्या, आणि पावलं कुठून कुठे काढायचात?’ वृंदावनापासून किंवा आडापासून निघालेली ती हळदीकुंकवाची पावलं उंबरा ओलांडून ओसरीवर येतात, माजघरातून स्वयंपाकघर, कोठीघर दाखवून देवघरापाशी थांबतात. घरातल्या खोल्यांचा क्रम त्यात जसाच्या तसा मिळतो. नकाशा कधी हातात न धरलेल्या आज्यांनी मला या एका प्रश्नावर अख्खा तळमजला सांगितलेला आहे. बायकांना आतलं घर पक्कं आठवतं. पुरुषांना ओटा, देवडी, दिंडी दरवाजा आणि माडीवरचा दिवाणखाना. दोघांनाही विचारा, वेगवेगळं बसवून.

यात एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. माहेरवाशिणीची आठवण लग्नाच्या वर्षाशी थांबते. आत्या १९६५ च्या आसपास सासरी गेल्या असतील, तर त्यांचा वाडा म्हणजे १९६५ चा वाडा. पाडला तो १९९४ चा. मधल्या तीस वर्षांत पार्टिशनं पडली असतील, परसात खोल्या वाढल्या असतील, चौकावर पत्रे आले असतील. तो वाडा नंतर सून म्हणून आलेल्या बाईला माहीत असतो. तुमच्या आईबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. त्या किंवा कोणी काकू असतील, तर त्यांचं वेगळं लिहून घ्या. दोन्ही हकिकती एकमेकींत मिसळू देऊ नका.

हकिकती जुळल्या नाहीत तर घाबरू नका, उलट तिथे थांबा. एका घरात तिघी बहिणींकडून मी वाडा लिहून घेत होते. थोरली म्हणाली, माडीचा जिना चौकातून आत आल्यावर डाव्या हाताला. धाकटी म्हणाली, उजव्या. दोघी इतक्या ठाम होत्या की शेवटी रडू आलं. आम्ही तो प्रश्न तसाच सोडला. पुढे वाटणीपत्र मिळालं. दोन भावांची वाटणी झाली तेव्हा चौकात भिंत घातली गेली आणि दुसऱ्या भावाला वर जायला नवा जिना बांधून दिला होता. थोरली वाटणीच्या आधी वाढलेली, धाकटी नंतर. दोघीही खरं सांगत होत्या. त्या मतभेदामुळेच वाटणी कधी आणि कशी झाली ते आम्हाला समजलं.

मापं कशी काढायची? फुटांत विचारलंत तर कोणीही सांगू शकणार नाही. खणांत विचारा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि खांबांच्या दोन ओळींमधलं अंतर म्हणजे घई. ‘पाच खणी ओसरी’, ‘दुघई माजघर’ हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी असतात आणि त्यात मोजमाप आयतंच असतं. खण साधारण पाच-सहा फुटांचा धरा, पण वाड्यागणिक तो बदलतो. म्हणून त्याचं नेमकं माप फोटोवरून काढायचं. तुमच्या मुंजीच्या फोटोत बटू पाटावर बसलेला असेल. तो पाट, चौरंग किंवा एखादं पितळी भांडं आजही कोणाच्या तरी घरी असतं. ते मोजलं की त्या प्रमाणात खांबाची जाडी, तळखड्याची, म्हणजे खांबाखालच्या दगडाची, उंची आणि दोन खांबांमधलं अंतर काढता येतं. लांबचं लहान दिसतं, त्याचा हिशेब करावा लागतो, तो कोणीही वास्तुरचनाकार करून देईल. एक खण मोजता आला की बाकी ओसरी आठवणीतल्या आकड्याने गुणायची.

आणखी फोटो मिळवायचे असतील तर मालकांकडे कमी आणि भाडेकरूंकडे जास्त शोधा. वाड्यात दहा-पंधरा बिऱ्हाडं असतील, तर दहा-पंधरा घरची बारशी, मुंजी, डोहाळजेवणं त्याच चौकात झाली आहेत. बिऱ्हाडं कोणाची होती हे आत्या सांगतील, नाहीतर त्या काळच्या मतदार यादीत एका घर क्रमांकाखाली नावं सापडतात. त्या लोकांना ‘वाड्याचा फोटो आहे का’ असं विचारू नका, ते नाही म्हणतील. ‘तुमच्या घरच्या कार्याचे फोटो बघायला मिळतील का’ असं विचारा. वाडा त्या फोटोंमध्ये माणसांच्या मागे उभा असतो. गल्लीतल्या गणेश मंडळाच्या जुन्या स्मरणिकाही चाळा. मिरवणुकीच्या फोटोत रस्त्याकडची बाजू, सज्जा, खिडक्या मिळून जातात.

कागदांमध्ये पहिला नगर भूमापनाचा. तुमच्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर शोधा आणि मिळकत पत्रिकेची (प्रॉपर्टी कार्डाची) नक्कल काढा. ऑनलाइन मिळते ती आजची पत्रिका. तुम्हाला जुनी हवी, इमारतीसाठी जागा एकत्र करण्याच्या आधीची, तिच्यावरच्या सगळ्या फेरफारांसकट. सोबत चौकशी नोंदवहीचा उतारा आणि त्या भागाच्या नकाशाची शीट मागा. शीटवर बांधकामाची बाहेरची रेघ, मोकळा चौक, बोळ, सामाईक भिंत बहुतेकदा दिसते. खरेदीखत किंवा वाटणीपत्र नोंदवलेलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे सूचीवरून शोध घेता येतो. त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात आणि कधी कधी ‘पूर्वेकडील माजघर व त्यावरील माडी, आडाच्या पाण्याचा हक्क सामाईक’ अशी खोल्यांची यादीच असते.

पण तुमच्यासारख्या १९९० च्या दशकात पाडलेल्या वाड्यासाठी सगळ्यात मोलाचा कागद वेगळाच आहे, आणि तो मागायचं कोणाला सुचत नाही. नव्या इमारतीच्या बांधकाम परवानगीची फाइल. परवानगीच्या नकाशात जे पाडायचं ते बांधकाम पिवळ्या रेघांनी दाखवायची पद्धत आहे. शिवाय भाडेकरूंना नव्या इमारतीत जागा द्यायची असेल तर प्रत्येक बिऱ्हाडाचं नाव आणि त्याच्या ताब्यातलं क्षेत्र यांची यादी जोडावी लागते. म्हणजे वाडा ज्यांनी पाडला, त्यांनीच पाडण्यापूर्वी तो खोलीनिशी मोजून ठेवलेला असतो. महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. सर्व्हे नंबर, इमारतीचं नाव आणि अंदाजे साल द्या. फाइल मिळेलच असं नाही, जुन्या फायली गहाळ होतात, भिजतात. तसं झालं तर नकाशा करणाऱ्या वास्तुरचनाकाराचं नाव इमारतीच्या सोसायटीच्या कागदांत असतं. त्यांच्या कार्यालयात जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या असतात. मला दोनदा तिथेच मिळालं आहे.

पेशवे दफ्तर (पेशवाईतल्या सरकारी कागदांचा संग्रह) आणि भारत इतिहास संशोधक मंडळ ही नावं तुम्हाला कोणीतरी सुचवतीलच. दोन्ही मोठी ठिकाणं आहेत आणि तिथे जरूर जा, पण कधी जायचं ते ठरवून. तुमच्या घराण्याला इनाम होतं, सरकारी नोकरी होती किंवा जागा सरकारातून मिळाली होती, असं घरातल्या एखाद्या कागदावरून दिसलं, तर दफ्तरात शोधायला धागा मिळतो. धागा नसताना मोडीतल्या रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, समुद्रात उतरलात तर वर्षं जातील. आधी घरची ट्रंक, देवघरामागचं कपाट, लाल कापडात बांधलेलं काही आहे का ते बघा. मोडीतलं एखादं पान सापडलं तर ते टाकू नका, लॅमिनेटही करू नका. फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा.

इथे एक सांगायलाच हवं. हे सगळं मी ब्राह्मणी आणि सरदारी वाड्यांच्या पेठा समोर ठेवून लिहितेय, कारण तुमचा वाडा नारायण पेठेतला आहे. कसब्यातल्या तांबट आळीतलं घर, रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याचं घर, गंज पेठेतलं कष्टकऱ्याचं घर शोधायचं असेल तर दफ्तराचा उपयोग शून्याच्या जवळ आणि घरपट्टीच्या नोंदी, धंद्याचे परवाने, जातपंचायतीच्या वह्या यांचा उपयोग जास्त. तिथे घराची रचनाही वेगळी, कारण भट्टी किंवा दुकान घरातच असायचं. अशी घरं आम्ही मोजणाऱ्यांनी फार कमी मोजली आणि ती त्याच वेगाने पाडली गेली, याचं मला दुःख आहे. बुधवार पेठेतला भिडे वाडा आठवा. तात्यासाहेब भिड्यांचा तो वाडा कोरीवकामासाठी प्रसिद्ध नव्हता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली, म्हणून तो मोलाचा. वर्षानुवर्षं तो पडक्या अवस्थेत राहिला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी उतरवला. कोणत्या घराचं काय मोल आहे हे खांबांवरून ठरत नाही. म्हणून तुमचा वाडा पेशवेकालीन नाही निघाला, तरी हे काम सोडू नका.

प्रत्यक्ष जागेवर जा. चार मजली इमारत उभी आहे म्हणजे सगळं संपलं असं नाही. शेजारचा वाडा किंवा जुनं घर अजून असेल, तर मधल्या बोळात शिरून त्याची भिंत बघा. वाडे एकमेकांना चिकटून असायचे. तुमच्या बाजूच्या तोंडाला तुळयांच्या टोकांची भोकं, बुजवलेले कोनाडे, चुलीच्या धुराचा काळा पट्टा, जिन्याची तिरपी रेघ राहून जाते. भोकांची उंची मोजली की मजल्याची उंची मिळाली. मग इमारतीच्या आवारात फिरा. तळखडे जड असतात, विकायला परवडत नाहीत, म्हणून ते बऱ्याचदा कुंड्या ठेवायला किंवा बसायला कोपऱ्यात पडलेले असतात. दोन तळखडे मिळाले तर खांबाच्या बुंध्याचं माप मिळालं. आड बुजवला की त्यावर स्लॅब टाकलाय, ते सोसायटीच्या जुन्या वॉचमनला विचारा. पाया खणताना जुना नळ किंवा पाण्याचा दगडी पाट लागला होता का, हेही विचारून ठेवा. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी अशा बांधीव नळांतून शहरातल्या हौदांपर्यंत यायचं, आणि काही वाड्यांना त्याची जोडणी होती. तुमच्याकडे ती निघाली, तर वयाच्या प्रश्नालाही एक आधार मिळेल.

आता वडिलांबद्दल. मला तुमचे वडील माहीत नाहीत, पण त्यांच्या जागी असलेली पन्नासेक माणसं मी जवळून पाहिली आहेत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधलं गेलं. बिऱ्हाडामागे पाच-दहा रुपये भाडं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच. तेवढ्यात एका पावसाळ्याची कौलं परतायलाही पैसे पुरत नाहीत. तुळई बदलायची तर सागवानाचा भाव बाजाराचा. भाड्यात दरवर्षी थोडी वाढ करता येईल असा नवा कायदा अमलात आला तो २००० साली, म्हणजे तुमचा वाडा गेल्यानंतर. दुसरीकडे वारस वाढत गेलेले, प्रत्येकाचा हिस्सा एका खोलीएवढा, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एक वीट हलवता येत नाही. त्यात विकास आराखड्यात रस्तारुंदीची रेघ वाड्यातून गेलेली असेल तर पुढच्या भागाची मोठी दुरुस्तीही अडते. मग एका जुलैत भिंत खचते, महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस लागते, आणि त्याच आठवड्यात बिल्डरचा माणूस दारात येतो. ज्या मालकाने सही केली, त्याने वाड्यावर प्रेम केलं नाही असं मला एकदाही दिसलेलं नाही. एका गृहस्थांनी सही केल्यावर दिंडी दरवाजाचा अडसर काढून घेतला होता आणि तो फ्लॅटमध्ये पलंगाखाली ठेवला होता. त्यांच्या मुलाला तो त्यांच्या मृत्यूनंतर सापडला. तुमच्या वडिलांच्या सामानात लोखंडी कडी, बिजागरी, एखादी जुनी मोठी किल्ली आहे का, ते एकदा शांतपणे बघा.

हे सगळं हाताशी आलं की रेखाटनाला बसा. मी एक पद्धत पाळते, ती तुम्हीही पाळा. ज्याला कागदाचा, फोटोचा किंवा जागेवरच्या खुणेचा पुरावा आहे ते सलग रेघेने. जे किमान दोन माणसांनी वेगवेगळं सांगितलं ते तुटक रेघेने. जे फक्त अंदाजाने भरलंय ते ठिपक्यांनी. आणि प्रत्येक खोलीवर कोणी सांगितलं त्याचं नाव. ठिपक्यांचा भाग मोठा दिसला तर वाईट वाटेल, पण तो लपवू नका. मॉडेलबद्दल माझं मत सावध आहे ते याच कारणाने. संगणकावर काढलेल्या वाड्याला ठिपके दाखवता येत नाहीत. कारागीर रिकाम्या जागी छान कोरीव खांब बसवून देतो, आणि दहा वर्षांनी तुमच्या मुलांना तेच खरं वाटू लागतं. तरी करायचंच असेल तर नकाशा पूर्ण झाल्यावर करा, आणि अंदाजाचा भाग कोऱ्या पांढऱ्या ठोकळ्यांचा ठेवायला सांगा.

त्याआधी एक स्वस्त आणि फार चांगली गोष्ट करता येते. नकाशाचा कच्चा खर्डा झाला की एखाद्या मोठ्या गच्चीवर किंवा इमारतीच्या आवारात खडूने तो खऱ्या मापात आखा. उंबरा, ओसरी, चौक, माजघर. मग घरच्या मोठ्या माणसांना त्यात चालायला सांगा. कागदावर ‘बरोबर आहे’ म्हणणारी माणसं तिथे दोन पावलांत थांबतात आणि म्हणतात, ‘छे, इथे वळायला एवढी जागा नव्हती.’ ओसरी एका खणाने कमी करायची की माजघर पुढे आणायचं, हे त्यांचे पायच सांगतात.

ज्यांचा वाडा अजून उभा आहे आणि करार झालेला आहे, असं कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी एवढंच. आठ दिवस मिळाले तरी पुरतात. खण मोजा, चौकाचे दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येक मजल्याची उंची मोजा, प्रत्येक भिंतीचा टेप लावून समोरून फोटो काढा. पाडकाम करणारा ठेकेदार लाकडाच्या भावात काम घेतो, म्हणून दरवाजा, देवघराची चौकट किंवा दोन खांब ठेवून घ्यायचे असतील तर ते करारातच लिहा. राडारोडा उचलायला सुरुवात झाल्यावर कोणी ऐकत नाही. आणि वाडा उतरवत असताना एक दिवस तिथे थांबा. कडीपाट, म्हणजे माडीखालचं लाकडी छत, निघालं की त्याखालचे सांधे, भिंतीतलं धान्य साठवायचं बळद, आधीच्या दुरुस्त्या सगळं उघडं पडतं, आणि ते फक्त त्याच दिवशी बघता येतं.

तुमच्यासाठी पुढचा टप्पा या रविवारचा. मुंजीचा फोटो स्टुडिओत नेऊन मोठा करून घ्या, वहीभर मोठा, म्हणजे आत्यांना चष्म्याशिवाय दिसेल. फोन रेकॉर्डिंगला लावून बाजूला ठेवा, त्यांची परवानगी घेऊन. एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बसू नका, पण चार-पाच वेळा जा. दुसऱ्या खेपेला त्या न विचारताच सांगू लागतील. फोटोतला तो अर्धा दरवाजा दाखवा आणि विचारा, ‘आत्या, या दारातून तुम्ही शाळेला निघालात, तर उंबरा ओलांडल्यावर पाय कशावर पडायचा?’ दगड, फरसबंदी, शेणाची जमीन, काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि मग पुढचं पाऊल विचारा.